फोटो नेमका कधी काढला?

३१ मार्च २००३ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर इराक युद्धातला एक फोटो छापून आला. बसरा शहराबाहेर एक ब्रिटिश सैनिक हात पुढे करून लोकांना आडोसा घ्या म्हणून खुणावतोय, आणि लेकरू उराशी धरलेला एक माणूस त्याच्यासमोर आलाय. हात, नजर, भीती, सगळं एका रेषेत. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की मागच्या गर्दीतली काही माणसं फोटोत दोनदा दिसताहेत. छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही क्षणांच्या अंतराने टिपलेल्या दोन फ्रेम एकत्र केल्या होत्या. एकीत सैनिकाचा हात छान आला होता, दुसरीत तो माणूस आणि मूल. त्यांनी कबुली दिली आणि नोकरी गेली.

या प्रकरणात मला अजूनही अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की त्या फोटोतलं एकही माणूस खोटं नव्हतं. सैनिक तिथे होता, बाप तिथे होता, मूलही होतं. जागा तीच, दुपारही तीच. आता खिशातल्या फोनकडे बघा. ग्रुप फोटो काढताना तो लागोपाठ अनेक फ्रेम टिपतो, एकीतून कुणाचे उघडे डोळे घेतो, दुसरीतून कुणाचं हसू, आणि सगळे एकाच वेळी खूश असलेला फोटो हातात ठेवतो. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनबरोबर ही सोय ‘बेस्ट टेक’ या नावाने बाजारात आणली. ज्या कारणाने वीस वर्षांपूर्वी एका माणसाची नोकरी गेली, ते आता जाहिरातीत वैशिष्ट्य म्हणून झळकतं.

वॉल्स्की यांना झालेली शिक्षा योग्यच होती असं माझं मत आहे. पण त्या शिक्षेचं जे कारण सर्रास सांगितलं जातं, ते चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत आपण आता मोजतोय.

कारण असं सांगतात: खरा फोटो म्हणजे एक क्लिक, एक क्षण, एक फ्रेम. दोन फ्रेम जोडल्या की तो फोटो राहत नाही. वृत्तछायाचित्रणात हा नियम खोलवर रुजलाय. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या एकेरी छायाचित्रांच्या विभागात मल्टिपल एक्स्पोजर (एकाच चित्रासाठी कॅमेऱ्याने अनेकदा प्रकाश आत घेणं) आणि जोडून केलेले पॅनोरमा, म्हणजे लांबरुंद दृश्यं, चालत नाहीत. नियम सोपा आहे, तपासायला सोयीचा आहे, म्हणून टिकला. पण एका एक्स्पोजरमध्ये एक क्षण असतो हे कुणी ठरवलं?

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, लुई दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. भर दिवसाचा, गजबजलेला रस्ता. प्रकाश टिपणारी प्लेट कित्येक मिनिटं उघडी होती. त्यामुळे गाड्या, घोडे, पादचारी, कुणाचीच खूण उमटली नाही. दिसतो तो फक्त कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस आणि त्याच्या पायाशी वाकलेला दुसरा, कारण ते तेवढा वेळ जागचे हलले नाहीत. एकच एक्स्पोजर, कसलीही जोडाजोड नाही, आणि तरीही त्या दिवशी तो रस्ता ओस पडला होता असं हा फोटो बिनदिक्कत सांगतो. एक फ्रेम म्हणजे सत्य असं मानणाऱ्यांनी हा फोटो भिंतीवर लावून ठेवावा.

उलट बाजूने पाहा. रंगीत छायाचित्रण जन्मलंच मुळी अनेक एक्स्पोजरमधून. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्यासाठी थॉमस सटन यांनी एका चौकटीच्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे फोटो काढले आणि ते पडद्यावर एकमेकांवर टाकले, तेव्हा रंग दिसले. पुढे रशियन छायाचित्रकार सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की रशियाभर याच रीतीने फिरले. तीन गाळण्या, एकामागोमाग तीन एक्स्पोजर. त्यांच्या फोटोत इमारती आणि शेतं लखलखीत आहेत, पण नदीच्या पाण्यावर आणि हललेल्या माणसाच्या कडेला लाल-हिरव्या झालरी दिसतात. मला त्या झालरी फार आवडतात. फोटोने स्वतःहूनच लिहून ठेवलंय, की बाकी सगळं स्थिर होतं, पण इथे तीन फ्रेमच्या मधे काहीतरी घडलं.

खगोलशास्त्रात तर एका फ्रेमवर विश्वास ठेवणं हाच निष्काळजीपणा. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये सलग दहा दिवस आकाशाच्या एका चिमुकल्या, जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्याकडे रोखून पाहिलं आणि ३४२ एक्स्पोजर एकत्र करून ‘हबल डीप फील्ड’ हे चित्र तयार झालं. त्यात हजारो दीर्घिका आहेत. यातली कुठलीही एक फ्रेम सुटी काढली, तर तिच्यावर ठिपके आणि ओरखडे दिसतील. ते वैश्विक किरण सेन्सरवर आदळल्याने उमटतात. एकट्या फ्रेमकडे पाहून कुठला ठिपका खरा आणि कुठला किरणाचा, हे खात्रीने सांगता येत नाही. दुसरी, तिसरी, दहावी फ्रेम घेतली, की जो प्रत्येकीत आहे तो आकाशातला आणि जो एकीतच आला तो उपरा. म्हणजे इथे खोटं एका फ्रेममध्ये होतं आणि खरं अनेक फ्रेमच्या बेरजेत सापडलं.

फोनचा नाइट मोडही तत्त्वतः हेच करतो. अंधारात सेन्सरवर येणारा प्रकाश इतका तुटपुंजा असतो, की त्यात यादृच्छिक नॉइज, म्हणजे सेन्सरची खरखर, मिसळून फोटो दाणेदार होतो. नऊ फ्रेमची सरासरी काढली तर नॉइज एक तृतीयांशावर येतो, सोळांची काढली तर चतुर्थांशावर. एचडीआर या सोयीमध्ये खिडकीबाहेरचं कडक ऊन आणि खोलीतली सावली दोन्ही पकडायची असतात. तीही सेन्सरच्या मर्यादेवरची तोड आहे. आपले डोळे तरी दुसरं काय करतात? खिडकीकडे गेले की बुबुळ आकसतं, कोपऱ्याकडे वळले की मोठं होतं, आणि मेंदू दोन्हींची मिळून एक खोली दाखवतो. त्या खोलीचा एकच एक्स्पोजर कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

तेव्हा फ्रेमची संख्या मोजून काही कळत नाही. मग मोजायचं काय?

माझ्या मते जोडकाम दोन प्रकारचं असतं. पहिल्यात आपण प्रकाश जोडतो: वस्तू त्याच, जागच्या जागी, फक्त त्यांच्यावरून आलेला उजेड नीट मोजता यावा म्हणून पुन्हा पुन्हा पाहतो. दुसऱ्यात आपण घटना जोडतो: कुणी कधी काय केलं, यातला एक तुकडा इथला आणि एक तिथला. पहिलं मोजमाप आहे, दुसरं कथाकथन. कथाकथन वाईट असं मी म्हणत नाही. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून सदाचार आणि स्वैराचार यांचं एक भलंमोठं रूपक रचलं होतं. ती एखाद्या दुपारी खरोखर घडलेली घटना आहे अशा समजुतीने कुणी तो प्रिंट पाहणार नव्हतं. कलावंताने दहा फ्रेम जोडाव्यात, शंभर जोडाव्यात. माझं भांडण त्या फोटोशी आहे, जो घटना जोडतो आणि मोजमापाचा चेहरा लावून येतो.

वॉल्स्कींचं चुकलं ते इथे. त्यांच्या फोटोला वाचक एक प्रश्न विचारणार होता: सैनिकाने हात केला तेव्हा तो बाप कुठे होता, काय करत होता? त्या प्रश्नाचं उत्तर फोटोने बनावट दिलं. त्यांनी त्याच दोन फ्रेममधून नुसत्या सावल्या उजळून घेतल्या असत्या, तर नियम तितकाच मोडला असता, पण वाचकाची फसवणूक झाली नसती.

हा प्रश्न विचारण्याचा निकष मला उपयोगी वाटतो. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी पूर्ण पृथ्वीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, तो एका क्लिकचा आहे. त्या दिवशी आफ्रिकेच्या दक्षिणेला ढग कसे होते, हे त्याला विचारता येतं. नासाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली निळी पृथ्वी कित्येक महिन्यांच्या उपग्रह निरीक्षणांतून सांधलेली आहे. खंडांचे रंग आणि किनारे त्यात कितीतरी नीट दिसतात, पण अमुक दिवशी तिथे ढग होते का, हा प्रश्न तिला विचारायचा नाही. तसा दिवसच तिच्याजवळ नाही. दोन्ही फोटो प्रामाणिक आहेत, कारण दोन्हींच्या सोबत ते कसे झाले याची माहिती आहे. ती माहिती काढून टाका, आणि दुसरा फोटो पहिल्याच्या पंगतीत जाऊन बसतो.

प्रकाश आणि घटना यांची सीमा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ नाही, हे मी मान्य करतो. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांची १८५६-५७ ची समुद्रचित्रं आठवा. त्या काळच्या कलोडियन प्लेटला, म्हणजे रसायन लावलेल्या काचेला, निळा प्रकाश फार झोंबायचा. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक होऊन जायचं. म्हणून ते आकाशाचं वेगळं निगेटिव्ह घेत आणि क्षितिजावर दोन्ही सांधत. इथवर हे मोजमापच आहे. पण मग तेच ढग त्यांच्या वेगवेगळ्या समुद्रांवर दिसू लागले. चांगलं जमलेलं आकाश टाकवेना, हे समजू शकतं. तरी त्या घडीला उपाय संपला आणि गोष्ट सुरू झाली.

याहून कडू उदाहरण ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांचं. १८७७ च्या आसपास त्यांनी शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचे चेहरे एकाच प्लेटवर, प्रत्येकाला थोडाथोडा वेळ देत उमटवले. सगळ्यांच्या बेरजेतून ‘गुन्हेगाराचा चेहरा’ वर येईल अशी त्यांची अपेक्षा होती. वर आला तो साधा, बराचसा सुस्वभावी वाटणारा चेहरा. दुष्टपणाच्या म्हणून ज्या खुणा मानल्या होत्या, त्या सरासरीत विरून गेल्या, आणि गॉल्टन यांनी स्वतः तसं नोंदवलं. तरी माणसांना वंश आणि प्रकारांत बसवायचा त्यांचा उद्योग थांबला नाही. मला यातून इतकंच दाखवायचंय, की सरासरी काढली म्हणून मोजमाप होत नाही. आकाशातला तारा प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो. दहा माणसं एक माणूस नसतात.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या भांडणावर घालवलाय ते पहिल्या महायुद्धातलं, १९१७ चं आहे. फ्रँक हर्ली हे ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धछायाचित्रकार. पश्चिम आघाडीवर त्यांनी हजारदा प्रयत्न केले आणि पुन्हा पुन्हा एकच अनुभव आला: समोर नरक पेटलाय आणि निगेटिव्हवर चिखलाचं एक सपाट शेत उमटतंय. तोफगोळा फुटतो तेव्हा सैनिक खंदकात असतात, सैनिक बाहेर पडतात तेव्हा आकाश रिकामं असतं, विमान येतं तेव्हा धूर विरलेला असतो. म्हणून त्यांनी निगेटिव्ह जोडले. एका प्रसिद्ध चित्रात तर बारा. खंदकातून उसळणारी माणसं, फुटणारे गोळे, वर विमानं. युद्धाचे वार्ताहर आणि पुढे अधिकृत इतिहासकार झालेले चार्ल्स बीन यांना हे सरळसरळ बनावट वाटलं. त्यांचं म्हणणं होतं, की पुढच्या पिढ्यांसाठी जे दस्तऐवज ठेवायचे त्यात अशी भेसळ नको. प्रकरण राजीनाम्याच्या धमकीपर्यंत गेलं. शेवटी तडजोड होऊन काही मोजकी जोडचित्रं प्रदर्शनात आली आणि १९१८ मध्ये लंडनमध्ये लोक ती पाहायला गर्दी करून गेले.

हर्ली यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लढाई ही गोष्टच मुळी एका क्षणात मावणारी नाही. एका निगेटिव्हवरचं ते रिकामं शेत, दागेर यांच्या रस्त्यासारखंच, एका अर्थाने खोटं बोलतं. तिथे राहून आलेल्या माणसाला आपण पाहिलं ते दाखवावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण मी बीन यांच्या बाजूला आहे. आणि ज्याने युद्ध जवळून पाहिलं नाही अशा माणसाने हे लिहिणं किती सोपं आहे, याची मला जाणीव आहे. हर्लींच्या चित्राला ‘त्या सकाळी विमानं होती का?’ असं कुणी विचारलं, तर चित्र ‘होती’ म्हणतं. शंभर वर्षांनी जो अभ्यासक येईल, त्याला विचारायला हर्ली नसणार, फक्त प्रिंट असणार. बीन यांना त्या अभ्यासकाची काळजी होती.  हर्लींनी सुटे निगेटिव्ह तरी ठेवले. म्हणून तर आज कुठला तुकडा कुठून आला हे शोधता येतं.

फोनकडे परत येतो, कारण आजचा बहुतेक इतिहास तिथेच साठतोय. गंमत अशी, की फ्रेम एकत्र करणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरला प्रकाश आणि घटना यांतला फरक आपल्या नियमकर्त्यांपेक्षा चांगला कळतो. बर्स्टमध्ये, म्हणजे एका क्लिकमागे लागोपाठ, आलेल्या फ्रेमपैकी एक मुख्य म्हणून निवडली जाते. बाकीच्या तिच्यावर तुकड्या-तुकड्याने जुळवल्या जातात. जिथे जुळतात तिथे सरासरी. जिथे कुणाचा हात हलला, मूल धावलं, पान उडालं, तिथे बाकीच्या फ्रेमचं म्हणणं बाजूला ठेवून मुख्य फ्रेमवर भरवसा ठेवला जातो. नाहीतर एका हाताची तीन भुतं दिसतील. म्हणजे हलणाऱ्या गोष्टींपुरता तो फोटो अजूनही जवळजवळ एका क्षणाचाच असतो. ‘चांगले चेहरे निवडा’ वाली सोय याच्या नेमकी उलट चालते: हललेलंच ती दुसऱ्या फ्रेममधून आणते. दोन्ही कामं एकाच फोनमध्ये, एकाच बटणामागे होतात, आणि हाती येणाऱ्या फोटोत त्यांतला फरक कुठेच दिसत नाही.

२०२३ च्या अखेरीस एक फोटो फार फिरला होता. एक तरुणी दोन आरशांसमोर उभी आहे आणि तिचे हात प्रत्येक आरशात वेगळ्या जागी आहेत. बघणाऱ्यांनी भुताखेतांपासून समांतर विश्वांपर्यंत सगळं सुचवून झालं. खुलासा नीरस होता: फोन पॅनोरमावर होता, कॅमेरा सरकत असताना तिने हात हलवले. फोटोची रुंदी हीच त्याची वेळ होती. पण फाइलवर तारीख आणि वेळ एकच लिहिलेली असते, सेकंदापर्यंत. प्रोकुदिन-गोर्स्कींच्या झालरी निदान प्रामाणिक होत्या.

म्हणून माझी मागणी मल्टिपल एक्स्पोजरवर बंदीची नाही. फोटोला त्याची वेळ विचारता आली पाहिजे, एवढीच आहे. आणि यासाठी काही नवं शोधायची गरज नाही. फोटोच्या फाइलमध्ये जी माहिती दडलेली असते तिचा ‘एक्झिफ’ हा मान्य साचा आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत जोडचित्रांसाठी रकाने आहेत: हा फोटो अनेक फ्रेमचा आहे का, किती फ्रेमचा, त्या फ्रेमचे एक्स्पोजर किती वेळाचे. रकाने तयार आहेत. ते पूर्ण भरले जावेत, कॅमेऱ्यापासून वाचकापर्यंतच्या प्रवासात ते पुसले जाऊ नयेत, आणि बघणाऱ्याला ते एका टिचकीत दिसावेत. आज बहुतेक समाजमाध्यमं आणि निरोप पाठवणारी अॅप्स फोटो पुढे धाडताना ही माहिती खरवडून काढतात. ठिकाणाची माहिती काढणं समजू शकतो, ती खाजगी असते. पण फोटो किती फ्रेमचा होता यात कुणाचं खाजगी काय आहे?

यावर एक आक्षेप खरोखर दमदार आहे. फोनचा जवळपास प्रत्येक फोटो आता जोडचित्र आहे. सगळ्यांवर तोच शिक्का बसला तर शिक्क्याला अर्थ काय उरला? खरं आहे. म्हणूनच नुसतं ‘जोडचित्र’ लिहून भागणार नाही. दोन गोष्टी हव्यात. वेळ एका आकड्यात नको, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी हवी. आणि हलणारे भाग एकाहून जास्त फ्रेममधून घेतलेत की नाही, याचं हो किंवा नाही. दुसरी गोष्ट फोनला आधीच माहीत असते, कारण तो निर्णय त्यानेच घेतलेला असतो. वृत्तसंस्था, न्यायालयं, विमा कंपन्या यांनी ज्या फोटोवर ‘हो’ आहे तो पुरावा म्हणून घेताना मुख्य फ्रेम मागावी, आणि फोनने ती ठेवलेली असावी. ज्यावर ‘नाही’ आहे, तो दहा फ्रेमचा असला तरी वृत्तपत्राने बिनधास्त छापावा. एका फ्रेमचा हट्ट सोडून द्यावा.

ही माहिती खोटीही भरता येईल, असं कुणी म्हणेल. येईलच. फाइलवर छेडछाड न होणारी सही करणारे कॅमेरे निघालेत, लायकाने २०२३ मध्ये तसा एक आणला, ते काम पुढे जाईल. पण इथे बहुतांश दिशाभूल कुणी लबाडीने करत नाही. ती न विचारता, चांगल्या हेतूने, मूळ सेटिंगमध्येच होऊन बसलेली असते. तिच्यासाठी एक भरलेला रकाना पुरतो. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अख्खी माणसं, अख्खे दंगे रचून देत असताना फ्रेमची कसली मोजदाद करता, असंही विचारलं जातं. माझं उत्तर असं, की खऱ्या फोटोला ‘हा बनवलेला आहे’ म्हणून झटकून टाकणं आता सोपं झालंय, तेव्हा खऱ्या फोटोकडे आपली पूर्ण हजेरी असायलाच हवी. कधी सुरू झालो, कधी संपलो, किती वेळा पाहिलं.

आमच्या घरात मागे एक ग्रुप फोटो निघाला. अकरा माणसं, सगळी हसतमुख, धाकटा भाचासुद्धा. फोटो सगळ्यांना आवडला, त्याची मोठी प्रत फ्रेम करून भिंतीवर लागली. परवा बहीण त्यासमोर थांबली. तो पोरगा त्या संध्याकाळी तापाने किरकिरत होता, फोटोपुरताही गप्प बसेना, हे मलाही आठवत होतं. मी फाइल उघडून पाहिली. वेळ एकच होती, सेकंदासकट. बाकीच्या फ्रेम फोनने केव्हाच टाकून दिल्या होत्या.

“हा हसला कधी रे?” तिने विचारलं.